जाळे आणि पाणबुडी

समुद्रकिनाऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्यास समुद्र म्हणजे एक विस्तीर्ण, मोकळे मैदान वाटते. त्यावर रस्ते नाहीत, कुंपणे नाहीत, मैलांचे दगड नाहीत. ज्याला जिकडे जावेसे वाटेल तिकडे त्याने खुशाल जावे, असा भास होतो. परंतु समुद्राला केवळ लांबी-रुंदीच नसते, खोलीही असते. आणि त्या खोलीतूनही माणसांची ये-जा चालू असते. पृष्ठभागावर एखादी मासेमारी नौका आपले जाळे ओढीत हळूहळू पुढे सरकत असते. त्याच वेळी तिच्या खालून किंवा मागून एखादी पाणबुडी निःशब्दपणे वाट काढीत असते. वरच्या माणसाला खालचा दिसत नाही आणि खालच्याला वरचा दिसत नाही. दोघांचेही काम कष्टाचे, दोघेही आपापल्या परीने दक्ष. तरीही या दोघांची अवचित गाठ पडली की क्षणार्धात अनर्थ ओढवतो. हा अनर्थ कसा घडतो आणि तो टाळण्यासाठी माणसाने कोणते उपाय योजले, हे समजून घेण्याजोगे आहे.

प्रथम मासेमारी नौकेचा विचार करू. मासे पकडण्याच्या अनेक रीती आहेत. कोणी किनाऱ्यालगत डोल लावतात, कोणी गळ टाकतात, कोणी माशांच्या थव्याभोवती जाळ्याचा वेढा घालतात. खोल समुद्रात यंत्रावर चालणाऱ्या ज्या मोठ्या नौका जातात, त्यांपैकी पुष्कळशा जाळे पाण्यातून ओढीत नेतात. अशा नौकेला ट्रॉलर असे म्हणतात. तिचे जाळे एका प्रचंड पिशवीसारखे असते. पिशवीचे तोंड उघडे राहावे म्हणून दोन्ही बाजूंस जड फळ्या बांधलेल्या असतात. नौका पुढे चालली म्हणजे पाण्याच्या दाबाने या फळ्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि जाळ्याचे तोंड पसरते. हे सारे ओझे नौकेला दोन भक्कम पोलादी दोरांनी जोडलेले असते. दोरांची दुसरी टोके नौकेवरील रहाटांवर गुंडाळलेली असतात. पाणी जितके खोल असेल त्याच्या कितीतरी पट लांब दोर सोडावे लागतात. त्यामुळे नौका एका ठिकाणी दिसत असली तरी तिचे जाळे तिच्या मागे शेकडो मीटर अंतरावर, पाण्याच्या पोटात असते. एवढे ओझे ओढताना नौकेची गती अगदी मंदावते. ताशी पाचसहा किलोमीटर म्हणजे माणसाच्या भराभर चालण्याइतकाच तिचा वेग उरतो. जाळे टाकलेली नौका झटकन वळू शकत नाही, थांबू शकत नाही किंवा पळही काढू शकत नाही. जणू तिने आपलाच पाय दोरीने बांधून घेतलेला असतो.

आता पाणबुडीकडे पाहू. पाणबुडीच्या अंगावर मोठमोठ्या टाक्या असतात. त्यांत समुद्राचे पाणी भरले म्हणजे ती जड होऊन बुडते, आणि दाबाखाली साठवलेली हवा सोडून ते पाणी बाहेर लोटले म्हणजे ती हलकी होऊन वर येते. पाण्याखाली गेल्यावर तिला खिडक्यांतून बाहेर पाहता येत नाही. खोल पाण्यात सूर्यप्रकाश पोचतही नाही. पृष्ठभागाच्या अगदी जवळ आल्यावर तिला परिदर्शक नावाची लांब नळी पाण्याबाहेर काढून भोवताली पाहता येते. एरवी तिचे सारे व्यवहार कानांच्या आधारे चालतात. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि फार दूरवर पोचतो. पाणबुडीवरील श्रवणयंत्रे हा ध्वनी टिपतात. इंजिनाची धडधड, पंख्याच्या पात्यांची घरघर, लाटांचा आवाज, इतकेच काय पण देवमाशांचे हुंकारसुद्धा तेथील खलाशांना ऐकू येतात. त्यावरून कोणते जहाज कोणत्या दिशेस आहे आणि कोठे चालले आहे, याचा ते अंदाज बांधतात.

पाणबुडीला स्वतः ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकण्याचीही सोय असते. वटवाघूळ अंधारात अशाच रीतीने मार्ग काढते. परंतु ध्वनी सोडला की आपण कोठे आहोत हे इतरांनाही कळते. गुप्तता हे तर पाणबुडीचे मुख्य बळ. यास्तव ती सहसा स्वतः मौन पाळते आणि केवळ ऐकत राहते.

असे असता तिला मासेमारी नौकेचा पत्ता का लागू नये, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याची कारणे अनेक आहेत. समुद्राचे पाणी सर्वत्र सारखे नसते. वरचा थर उबदार, खालचा थंड, कोठे अधिक खारट तर कोठे कमी. एका थरातून दुसऱ्या थरात जाताना ध्वनीचा मार्ग वाकतो, आणि मग जवळच्या जहाजाचाही आवाज कधीकधी खालपर्यंत पोचत नाही. किनाऱ्याजवळ अनेक नौकांचे आवाज एकमेकांत मिसळतात. भर बाजारात एका माणसाची हाक ओळखणे जसे कठीण, तसेच हेही. शिवाय पाणबुडीच्या स्वतःच्या पंख्याच्या आवाजामुळे तिच्या नेमके मागे काय आहे हे तिला नीट ऐकू येत नाही. त्यासाठी तिला मुद्दाम वळून कानोसा घ्यावा लागतो.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, नौकेला आवाज असतो, पण जाळ्याला बहुधा नसतो. नौकेचा आवाज ऐकून पाणबुडीचा कप्तान जर म्हणाला, “ही नौका पुढे चालली आहे, तेव्हा आपण तिच्या मागून सुरक्षितपणे जाऊ,” तर व्यापारी जहाजाच्या बाबतीत त्याचे म्हणणे अगदी बरोबर ठरेल. परंतु ती नौका ट्रॉलर असेल, तर ज्या मोकळ्या जागेतून तो जाऊ पाहतो तेथेच पोलादी दोर ताणलेले असतात. म्हणून समोरची नौका कोणत्या जातीची आहे हे ओळखणे, ती कोठे आहे हे ओळखण्याइतकेच आवश्यक असते.

दोर पाणबुडीच्या अंगात अडकला म्हणजे काय होते? एकीकडे काही टनांची नौका आणि दुसरीकडे हजारो टन वजनाची पाणबुडी. पाणबुडीला त्या ओढीची जाणीवही होत नाही. फार तर काही खडखडाट ऐकू येतो. वरची नौका मात्र क्षणात थबकते आणि उलट्या दिशेने खेचली जाऊ लागते. नौकेची बांधणी पुढे चालण्यासाठी केलेली असते. तिचा पुढचा भाग उंच व निमुळता असतो, मागचा भाग सखल व रुंद असतो. मागे खेचली जाताच लाटा मागच्या सखल भागावरून आत घुसतात. दोन दोरांपैकी एकावरच अधिक ताण आला तर नौका त्या अंगावर कलंडते. दारे उघडी असली तर पाणी इंजिनाच्या खोलीत व निजण्याच्या जागेत शिरते. जीवरक्षक जाकीट चढवण्यास किंवा बिनतारी यंत्रावरून मदत मागण्यास वेळच उरत नाही.

अशी एक दुर्घटना स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर १९९० साली घडली. तेथे क्लाईड नदीच्या मुखाशी समुद्राचा एक मोठा फाटा जमिनीत शिरला आहे. त्याच्या काठी पिढ्यान् पिढ्या मासेमारीवर जगणारी गावे आहेत, आणि त्याच परिसरात फासलेन येथे ब्रिटिश आरमाराच्या पाणबुड्यांचे ठाणेही आहे. २२ नोव्हेंबर १९९० च्या मध्यरात्रीनंतर कॅरडेल गावची ‘अँटारेस’ ही नौका आरन बेटाच्या उत्तरेस जाळे ओढीत होती. तिच्यावर चार कोळी होते. त्याच पाण्यात ‘ट्रेंचंट’ नावाची अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी युद्धसराव करीत होती. पाणबुडीचे कप्तान होऊ इच्छिणाऱ्या अधिकाऱ्यांची तिच्यावर परीक्षा चालू होती. पहाटे दोन वाजून गेल्यावर अँटारेसचे जाळे पाणबुडीत अडकले. नौका खाली खेचली गेली आणि चारही माणसांसह बुडाली.

पाणबुडीवरील लोकांना चमत्कारिक आवाज ऐकू आले होते. पुढे तिच्या अंगावर जाळ्याचा दोर लोंबकळत असलेलाही आढळला. त्यांनी वर येऊन भोवताली पाहिले. त्यांना मासेमारी नौकांचे दिवे दिसले आणि त्या नौका सुखरूप दिसल्या. तेव्हा केवळ जाळ्याचे नुकसान झाले असावे, अशी त्यांनी समजूत करून घेतली. परंतु दिसत होत्या त्या दुसऱ्याच नौका होत्या. ज्या नौकेची चौकशी करावयाची होती, ती तोवर समुद्राच्या तळाशी गेली होती. नौका बेपत्ता असल्याची खात्री पटून खरा शोध सुरू होईपर्यंत कित्येक तास लोटले.

ब्रिटनमध्ये सागरी अपघातांची चौकशी करणारा एक सरकारी विभाग आहे. दोषी कोण हे ठरवून शिक्षा देणे हे त्याचे काम नव्हे. अपघात का घडला हे शोधून पुन्हा तसा घडू नये म्हणून सूचना करणे, हे त्याचे काम. या विभागाने अँटारेसच्या अपघाताची कसून चौकशी केली. पाणबुडीवरील पहाऱ्याच्या व्यवस्थेत आणि दक्षतेत उणीव राहिली होती, असे त्याने स्पष्ट शब्दांत नमूद केले. चार घरांवर कोसळलेले दुःख चौकशीने भरून निघणारे नव्हते. परंतु त्यातून काही नियम जन्मास आले. पाणबुड्यांचा सराव कोणत्या भागात चालणार आहे, याची माहिती आगाऊ देण्याची पद्धत पक्की झाली. तटरक्षकांच्या बिनतारी केंद्रांवरून ती नेमाने सांगितली जाते, आणि कोळी हवामानाचा अंदाज ऐकतात त्याप्रमाणे हीही वार्ता ऐकतात. जाळे टाकलेल्या नौकेपासून पाणबुडीने किती दूर राहावे, शंका आल्यास काय करावे, याचेही नियम ठरले.

नियम झाले म्हणजे संकट संपले, असे मात्र होत नाही. १५ एप्रिल २०१५ रोजी आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यामधील समुद्रात ‘कॅरेन’ नावाची नौका कोळंबीसाठी जाळे ओढीत होती. तिच्यावरही चार माणसे होती. ती ताशी सुमारे पाच किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे चालली होती. अकस्मात ती थांबली आणि ताशी सुमारे तेरा किलोमीटर वेगाने उलट खेचली जाऊ लागली. क्षणभर काय घडत आहे हे कोणास कळेना. परंतु खलाशांनी प्रसंगावधान राखले. त्यांनी धावत जाऊन रहाटांचे दोन्ही अटकाव सोडले. एक दोर सरसर सुटून पाण्यात गेला. दुसरा मात्र रहाटावरच गुंतून बसला. नौका एका अंगावर कलली, तिचा मागचा भाग पाण्याखाली गेला. आता ती जाणार, असे वाटत असतानाच तो ताणलेला दोर तुटला आणि नौका मोकळी झाली. तिची पुष्कळ मोडतोड झाली होती. तथापि ती स्वतःच्या बळावर आर्डग्लास बंदरात परतली आणि चौघेही बचावले.

कॅरेनला ओढणारी पाणबुडी कोणाची, याविषयी प्रथम नाना तर्क झाले. पुढे सप्टेंबर महिन्यात ब्रिटिश आरमाराने ती आपलीच असल्याचे मान्य केले. चौकशीअंती जे कारण बाहेर आले ते विचार करण्यासारखे आहे. पाणबुडीवरील अधिकाऱ्यांना नौका आहे हे ठाऊक होते. परंतु ती व्यापारी जहाज आहे, असा त्यांचा ग्रह झाला होता. व्यापारी जहाजाच्या मागे दोर नसतात; तेव्हा टक्कर होण्याचा संभव आहे असे त्यांना वाटलेच नाही. दोर अडकल्यावर जे आवाज झाले असतील, त्यांचाही त्यांना अर्थबोध झाला नाही आणि पाणबुडी आपल्या मार्गाने निघून गेली. पंचवीस वर्षांपूर्वी ट्रेंचंटवर जी चूक झाली होती तिच्याशी या चुकीचे नाते स्पष्ट दिसते. दोन्ही वेळी यंत्रे होती, प्रशिक्षित माणसे होती. उणीव होती ती ‘आपला तर्क चुकीचा तर नाही ना?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची.

जाळ्यात गुंतण्याखेरीज दुसराही एक धोका आहे. तो म्हणजे पाणबुडी खालून वर येत असताना तिची वरच्या नौकेशी होणारी टक्कर. या प्रकारची सर्वांत हृदयद्रावक घटना ९ फेब्रुवारी २००१ रोजी हवाई बेटांजवळ घडली. जपानमध्ये उवाजिमा या गावी मासेमारीचे शिक्षण देणारी एक शाळा आहे. तिच्या विद्यार्थ्यांना खोल समुद्रातील मासेमारीचा अनुभव मिळावा म्हणून ‘एहिमे मारू’ नावाचे प्रशिक्षण-जहाज होते. त्या दिवशी जहाजावर पस्तीस माणसे होती. त्यांत तेरा विद्यार्थी आणि दोन शिक्षक होते. होनोलुलू बंदर सोडून जहाज आपल्या मार्गास लागले होते.

त्याच भागात ‘ग्रीनव्हिल’ ही अमेरिकेची पाणबुडी होती. पाणबुडीचे सामर्थ्य पाहण्यासाठी सोळा नागरिक पाहुणे म्हणून तिच्यावर आले होते. संकटकाळी पाणबुडी वेगाने वर कशी आणतात, हे त्यांना दाखवावयाचे होते. या क्रियेत टाक्यांमध्ये एकदम हवा सोडली जाते आणि पाणबुडी बुडवलेल्या बुचासारखी उसळून पाण्याबाहेर येते. एकदा ही क्रिया सुरू झाली की ती मध्येच थांबवता येत नाही. म्हणूनच वर येण्यापूर्वी समुद्र मोकळा आहे याची पुरती खात्री करून घ्यावी लागते. कप्तानाने परिदर्शकातून पाहिले. पण वेळापत्रक मागे पडल्यामुळे जितका वेळ पाहावयास हवे होते तितका वेळ पाहिले नाही. हवा धूसर होती आणि जहाजाचा रंग पांढरा होता. ध्वनीवरून मिळालेली माहिती अधिकाऱ्यांसमोर दाखवणारा एक पडदा त्या दिवशी बंद होता. जवळच एक जहाज आहे असे दर्शवणारी माहिती एका खलाशापाशी होती. परंतु ती कप्तानापर्यंत पोचली नाही. पाहुण्यांच्या गर्दीमुळे नेहमीच्या कामात व्यत्यय आला होता.

दुपारी पावणेदोनच्या सुमारास पाणबुडी उसळून वर आली ती नेमकी एहिमे मारूच्या खाली. तिच्या भक्कम सुकाणूने जहाजाचा तळ चिरला. दहा मिनिटांच्या आत जहाज बुडाले. सव्वीस जण तरंगत्या तराफ्यांवर चढून वाचले. चार विद्यार्थी, दोन शिक्षक आणि तीन खलाशी मिळून नऊ जण मृत्युमुखी पडले. जहाज सुमारे सहाशे मीटर खोल तळाशी गेले होते. त्याच वर्षी ते उचलून उथळ पाण्यात आणण्यात आले आणि पाणबुड्यांनी आठ जणांचे देह शोधून काढले. नवव्याचा, एका विद्यार्थ्याचा, देह मिळालाच नाही. या नऊ जणांचे स्मारक होनोलुलू येथे समुद्रकाठच्या बागेत आहे. ‘आणखी थोडा वेळ पाहिले असते तर’ हे वाक्य तेथे लिहिलेले नाही. पण ही हकीकत जाणणाऱ्याच्या मनात ते उमटल्याशिवाय राहत नाही.

अशा घटना ऐकल्या म्हणजे समुद्रात हरवलेल्या प्रत्येक नौकेचा दोष पाणबुडीच्या माथी मारण्याचा मोह होतो. तोही बरोबर नव्हे. १५ जानेवारी २००४ रोजी ‘ब्युगालेद ब्रेइझ’ ही फ्रेंच नौका इंग्लंडच्या दक्षिणेस बुडाली आणि तीवरील पाचही जण मरण पावले. त्या सुमारास जवळपास पाणबुड्यांचा सराव चालला होता. त्यामुळे पाणबुडीनेच तिला ओढले असावे, असा अनेकांचा ग्रह झाला. वर्षानुवर्षे चौकशा चालल्या. अखेर २०२१ साली लंडनच्या न्यायालयाने सर्व पुरावा तपासून निर्णय दिला की, तिचे जाळे समुद्रतळाशी अडकले आणि त्या ओढीने ती उलटली. पाणबुडीचा त्यात संबंध नव्हता. मृतांच्या आप्तांना हा निर्णय पटला नाही. त्यांचे दुःख समजण्यासारखे आहे. परंतु या प्रकरणावरून एक गोष्ट ध्यानी येते. तळावरील खडक, बुडालेले जहाज, रुतलेला चिखल यांतही जाळे तसेच अडकू शकते. अपघाताचे खरे कारण शोधावयाचे तर अनुमान पुरे पडत नाही, पुरावा लागतो.

जाळे हे नेहमी दुबळेच ठरते असेही नाही. ऑगस्ट २००५ मध्ये रशियाची एक लहान पाणबुडी कामचाटका द्वीपकल्पाजवळ पाण्याखालच्या तारांत आणि मासेमारीच्या जाळ्यांत गुरफटली. सुमारे १९० मीटर खोलीवर सात माणसे तीत अडकून पडली. आतील हवा हळूहळू संपत चालली. रशियाने इतर देशांकडे साहाय्य मागितले. ब्रिटनने दुरून चालवता येणारे एक यंत्र विमानाने पाठवले. त्या यंत्राने तारा व जाळी कापली आणि तीन दिवसांनंतर पाणबुडी वर आली. सातही जण जिवंत होते. एकाने टाकलेल्या जाळ्यात दुसरा अडकावा आणि तिसऱ्याने येऊन सोडवावे, असा हा प्रसंग. समुद्रावर संकटात सापडलेल्याला मदत करणे हा सर्व देशांचा जुना धर्म आहे, याची साक्ष त्यातून पटते.

आपला किनाराही या धोक्यापासून मुक्त नाही. कोकण आणि गोवा यांच्या किनाऱ्यावर मासेमारी करणारी गावे दाटीने वसलेली आहेत. मुंबई हे भारतीय नौदलाचे मोठे ठाणे असून तेथील माझगाव गोदीत पाणबुड्या बांधल्या जातात. पावसाळा सरला आणि नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण झाला की शेकडो नौका खोल पाण्याकडे निघतात. आणि त्याच पाण्यात नौदलाच्या पाणबुड्याही संचार करीत असतात. २१ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री गोव्यापासून सुमारे ७० सागरी मैलांवर, म्हणजे जवळजवळ १३० किलोमीटर अंतरावर, ‘मार्थोमा’ नावाची मासेमारी नौका आणि भारतीय नौदलाची पाणबुडी यांची टक्कर झाली. नौकेवर तेरा माणसे होती. त्यांपैकी अकरा जणांना वाचवण्यात यश आले. उरलेल्या दोघांच्या शोधासाठी जहाजे व विमाने धाडण्यात आली. परंतु ते दोघे जिवंत परतले नाहीत.

मग उपाय कोणता? पाणबुड्या समुद्रातून जाणारच आणि मासेमारीही चालूच राहणार. तेव्हा दोघांनीही काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. समुद्रावर वावरणाऱ्या सर्व जहाजांसाठी १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम करण्यात आले. त्यांनुसार रात्री जाळे ओढणाऱ्या नौकेने वर हिरवा आणि त्याखाली पांढरा दिवा लावावा लागतो. अन्य प्रकारे मासेमारी करणाऱ्या नौकेने वर तांबडा आणि खाली पांढरा. दिवसा दोन शंकू टोकाला टोक लावून डोलकाठीवर टांगतात. या खुणा म्हणजे नौकेची भाषाच होय. ‘माझ्यामागे जाळे आहे, मला चटकन वळता येत नाही,’ असे ती या भाषेत सांगते. परिदर्शकातून पाहणाऱ्या अधिकाऱ्यास ही भाषा वाचता येते. मात्र दिवे लावलेले असले तरच!

अलीकडे नौकेचे नाव, स्थान व वेग आपोआप कळवणारी बिनतारी यंत्रे निघाली आहेत. भारतात एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे झाला. वादळाची सूचना मिळवण्यास आणि संकटात हाक मारण्यास ही यंत्रे फार उपयोगी आहेत. परंतु त्यांनाही एक मर्यादा आहे. बिनतारी लहरी समुद्राच्या पाण्यात फार खोल जाऊ शकत नाहीत. त्यामुळे खोल पाण्यात असलेल्या पाणबुडीला त्या ऐकू येत नाहीत. तेथे अखेर तिचे कान आणि तिच्यावरील माणसांची सावधगिरी, हाच आधार उरतो.

कोळ्यांनाही आपल्या बाजूने काही गोष्टी करता येतात. सरावाच्या सूचना ऐकणे, डेकवर काम करताना जीवरक्षक जाकीट अंगात ठेवणे, समुद्र शांत असला तरी पाणी अडवणारी दारे बंद ठेवणे, रहाटाचे अटकाव तत्काळ सुटतील असे ठेवणे, या साध्या गोष्टी आहेत. जाळे अकस्मात अडकले तर ते वाचवण्याचा मोह आवरावा लागतो. जाळे किमती असते. ते गमावले तर एका हंगामाची कमाई बुडते. पण दोर सोडण्यास क्षणाचा उशीर झाला तर जाळे, नौका आणि माणसे तिन्ही जातात. कॅरेनवरील चौघांनी अटकाव सोडण्यास विलंब लावला असता, तर त्यांची हकीकत सांगण्यास कोणी उरले नसते.

तथापि अधिक जबाबदारी पाणबुडीवरच येते. कोळी कितीही दक्ष असला तरी पाण्याखालचे त्याला दिसू शकत नाही. पाणबुडीला निदान ऐकू तरी येते. ज्याच्याजवळ कळण्याचे साधन आहे, त्यानेच बाजूला होणे न्यायाचे आहे. रस्त्यावर मोठ्या वाहनाने पादचाऱ्यास जपावे, हा जो नियम जमिनीवर, तोच समुद्रातही लागू पडतो. देशाच्या रक्षणासाठी नौदल समुद्रात जाते आणि देशाच्या अन्नासाठी कोळी समुद्रात जातो. अँटारेसनंतर नियम झाले, तरी कॅरेनवर तो प्रसंग आलाच. यावरून दिसते की नियम कागदावर असून भागत नाही; परिदर्शकाशी उभ्या असलेल्या माणसाने तो दर वेळी, वेळ कमी असतानाही, पाळावा लागतो. काळोख्या रात्री क्षितिजावर एक हिरवा आणि त्याखाली एक पांढरा दिवा लुकलुकताना दिसला, तर त्या दिव्याखाली तीनचार माणसे काम करीत आहेत आणि किनाऱ्यावर त्यांची वाट पाहणारी घरे आहेत, हे त्याने ओळखले पाहिजे.